अंडी उबवली, पाण्याचे काय?

टास्मानियाच्या पश्चिम किनाऱ्यावर मॅक्वारी हार्बर नावाची एक विस्तीर्ण, जवळजवळ बंदिस्त खाडी आहे. मॉजियन स्केट हा आपल्या पाकटाच्या नात्यातला चपटा मासा आज खात्रीने सापडतो तो एवढ्या एकाच ठिकाणी. शास्त्रज्ञांना त्याचा पत्ता लागला १९८८ मध्ये, शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले २००७ मध्ये, आणि २०१४ ते २०२१ या सात वर्षांत त्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. डिसेंबर २०२३ मध्ये टास्मानिया विद्यापीठाच्या सागरी व अंटार्क्टिक अभ्यास संस्थेने चार प्रौढ स्केट आणि काही अंडी खाडीतून उचलून प्रयोगशाळेच्या टाक्यांत आणली. चारपैकी दोन मासे लवकरच मेले. एक मादी मात्र रुळली, थोड्या थोड्या दिवसांनी अंडी घालत राहिली, आणि २०२४ मध्ये बंदिवासात घातलेल्या अंड्यातून या जातीचे पहिले पिल्लू बाहेर आले. त्याचे कौतुक झाले ते योग्यच झाले. पण या जन्माचा अर्थ ‘जात वाचण्याचा मार्ग सापडला’ असा लावला गेला, तिथे माझा आक्षेप आहे. टाकीत अंडे उबले, कारण टाकीतले पाणी श्वास घेण्याजोगे होते. म्हणजे या प्रयोगाने माशापेक्षा पाण्याबद्दल जास्त सांगितले. ते ऐकायचे सोडून आपण टाक्या मोजत बसलो तर चुकीच्या जागी पैसा घालू. आणि ठाण्यातल्या कोपरीच्या खाडीकाठी राहणाऱ्यांना तर ही चूक टास्मानियाहून महाग पडेल, कारण आपल्या पाकटांना टाकीची वाटही खुली नाही.

आधी ते अंडे नीट पाहायला हवे. स्केटचे अंडे कोंबडीच्या अंड्यासारखे कवचाचे नसते. ते चिवट, तपकिरी, चपटे असते. चामड्याच्या बटव्यासारखे, चारही कोपऱ्यांना शिंगे असलेले. मादी ते समुद्राच्या तळाशी सोडते आणि निघून जाते. राखण नाही, ऊब नाही. आत एक मोठा बलक आणि त्याला चिकटलेला दोऱ्याएवढा गर्भ. सुरुवातीला बटवा सगळीकडून बंद असतो. गर्भ काहीसा वाढला की शिंगांजवळच्या बारीक फटी उघडतात आणि तेव्हापासून बाहेरचे पाणी आत-बाहेर खेळू लागते. ते आपोआप खेळत नाही. गर्भाच्या शेपटीचे टोक बारीक, लांब असते. ते तो सतत हलवत राहतो आणि त्या हलवण्याने ताजे पाणी आत ओढले जाते. हे काम महिनोन्‌महिने चालते. भ्रूणाला पळता येत नाही, जागा बदलता येत नाही. तळाशी जे पाणी असेल तेच त्याच्या वाट्याला. बाहेरच्या पाण्यातला प्राणवायू आटला तर ही शेपटी कितीही वेगाने हलली तरी आत येणार ते तसलेच पाणी. टाकीत अंडे सांभाळणारा माणूस नेमके हेच काम करतो: तापमान राखतो, पाणी वाहते ठेवतो, प्राणवायूचा आकडा पाहत राहतो. बाकी सगळे गर्भच करतो. स्केटच्या अंड्याला काही गूढ खुराक लागतो, असे मुळीच नाही.

मॅक्वारी हार्बरचे तोंड अगदी चिंचोळे आणि उथळ आहे. नद्यांचे गोडे पाणी वर तरंगते, समुद्राचे खारे पाणी खाली राहते, आणि खालच्या थराला नवा प्राणवायू मिळायला फार वेळ लागतो. स्केट नेमका तळाशी राहतो आणि तिथेच अंडी घालतो. अशा खाडीत १९८० च्या दशकापासून पिंजऱ्यांतली सामन शेती आहे आणि २०१२ नंतर ती झपाट्याने वाढवली गेली. पिंजऱ्यांतल्या माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य तळाशी जाते, जिवाणू ते कुजवतात आणि त्यात आधीच तुटपुंजा असलेला प्राणवायू खर्च होतो. २०१९ मध्ये वादळांनी तळाचे, प्राणवायू नसलेले पाणी ढवळून वर आणले आणि खुणांची यंत्रे लावलेले बरेचसे स्केट मेले. प्रशासनाने दरम्यान सामनच्या एकूण वजनावर मर्यादा आणली होती. २०१८ पासून ती ९,५०० टन. मग खोल पाण्यात प्राणवायू सोडणारी यंत्रणा तराफ्यावर बसवून त्याचीही चाचणी सुरू झाली. २०२५ मध्ये त्याच संस्थेच्या पाहणीत खाडीतल्या स्केटचे प्रमाण २०१४ च्या पातळीजवळ आल्याचे आणि लहान वयाचे मासे वाढल्याचे दिसले. तोवर टाकीत जन्मलेले एकही पिल्लू खाडीत सोडलेले नव्हते. ही सुधारणा टिकेल का, यावर शास्त्रज्ञ सावध आहेत आणि सामन उद्योग तिचा आधार घेऊन ‘बघा, आमच्यामुळे काही बिघडत नाही’ असे म्हणतो. उद्योगाचा निष्कर्ष मला पटत नाही. वजनावर मर्यादा आल्यानंतरची आकडेवारी मर्यादा अनावश्यक असल्याचा पुरावा कशी होईल? मात्र एवढे नक्की, की जी काही नवी पिल्ले दिसली ती खाडीच्या तळावरच्या अंड्यांतून आली.

स्कॉटलंडमध्ये याच गोष्टीचा दुसरा भाग पाहायला मिळतो. फ्लॅपर स्केट हा तिथला प्रचंड मासा. त्याचे अंडेच वीतभर लांबीचे असते. एकेकाळी तो ब्रिटिश बेटांभोवती सर्रास मिळायचा, म्हणून इंग्रज त्याला ‘सामान्य’ स्केट म्हणायचे. १९८१ मध्ये एका शास्त्रीय लेखाने दाखवून दिले, की आयरिश समुद्रातून हा सामान्य मासा गेलाही आणि कोणाच्या लक्षातही आले नाही. आता त्याचे अंडे उबायला किती काळ लागतो हेसुद्धा अलीकडेपर्यंत ठाऊक नव्हते. ऑर्कनी बेटांकडचे एक अंडे टाकीत ठेवून ते मोजले गेले आणि २०२१ मध्ये आकडा प्रसिद्ध झाला: ५३४ दिवस. जवळपास दीड वर्ष ते अंडे तळाशी एका जागी पडून असते. त्या काळात शिंपल्यांसाठी तळ खरवडणारे एक जाळे एकदा जरी तिथून गेले तरी संपले. स्कॉटिश सरकारने मार्च २०२१ मध्ये स्काय बेटाजवळची अंडी घालण्याची जागा तातडीने संरक्षित केली आणि पुढे ते संरक्षण कायम केले. टाकीचा उपयोग इथे झाला, आणि तो फार मोलाचा होता. पण तो आकड्यासाठी झाला. दीड वर्ष हा आकडा हातात आला म्हणून ‘काही महिने मासेमारी बंद ठेवू’ असा अर्धामुर्धा उपाय बाद झाला आणि जागाच राखायला हवी हे सिद्ध झाले. बंदिवासातल्या प्रजननाचे मला मान्य असलेले पहिले काम हेच आहे: जे समुद्राच्या तळाशी दिसत नाही ते टाकीत बघायचे आणि त्याच्या जोरावर समुद्राचे नियम ठरवायचे.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की जात संपायला आली असताना पाणी सुधारण्याची वाट पाहायची कशी? विमा म्हणून काही जीव टाकीत असलेले बरे नाहीत का? बरे आहेत. मॉजियन स्केटसारख्या एकाच खाडीत उरलेल्या माशाबाबत मी तो विमा नाकारणार नाही. एखादे वादळ पुन्हा आले आणि खाडीतले सगळेच गेले तर टाकीतले मोजके मासे लाखमोलाचे ठरतील. पण विम्याचा हप्ता भरला म्हणून घराला लागलेली आग विझवायचे कोणी थांबत नाही. आणि आपल्या देशात हा विमा काढून आग तशीच ठेवल्याचे उदाहरण आहे. घडियाल वाचवण्यासाठी १९७५ मध्ये प्रकल्प सुरू झाला. नदीकाठची अंडी गोळा करायची, केंद्रात उबवायची, पिल्ले मोठी करायची आणि नदीत सोडायची, अशी सरळ पद्धत. हजारो घडियाल सोडले गेले. उबवणीचे तंत्र इतके जमले की त्याची वाहवा झाली. तरीही २००७ मध्ये हा प्राणी ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला आणि त्याच हिवाळ्यात चंबळमध्ये शंभराहून अधिक घडियाल मेलेले सापडले. शवविच्छेदनात मूत्रपिंडे निकामी झालेली दिसली आणि संशय यमुनेतून आलेल्या विषारी घटकांवर गेला. वाळू उपसा, धरणे, जाळी आणि सांडपाणी जसेच्या तसे असताना पिल्ले सोडत राहणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे, असे सांगणारे तेव्हाही होते. अंडी उबवण्याचा आकडा वाढत गेला, की निदान काहीतरी चालले आहे असे समाधान मिळते आणि नदीचा विषय मागे पडतो. बंदिवासातल्या पैदाशीचा मोठा धोका मला तरी या समाधानात दिसतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण तो यशाच्या उदाहरणावर उभा आहे. इंडोनेशियाच्या राजा अंपात बेटांभोवती झेब्रा शार्क जवळजवळ संपला होता. तिथे जेमतेम वीस उरले असावेत असा अंदाज होता. जगातल्या मत्स्यालयांत मात्र तो सहज अंडी घालतो. मग ऑस्ट्रेलियातल्या मत्स्यालयातली अंडी २०२२ मध्ये विमानाने राजा अंपातला नेली, तिथे उबवली, आणि जानेवारी २०२३ पासून पिल्ले समुद्रात सोडायला सुरुवात झाली. दहा वर्षांत पाचशे सोडण्याचे उद्दिष्ट आहे. हा प्रकल्प मला मनापासून आवडतो. पण त्याचा क्रम पाहा. राजा अंपातमध्ये शार्क आणि मांटा पकडायला बंदी २०१० च्या सुमारास आली, मग तिला कायद्याचे बळ मिळाले, गस्त सुरू झाली, स्थानिक गावे त्यात आली आणि इतर जातींचे शार्क तिथे पुन्हा दिसू लागले. एवढे सगळे झाल्यावर, बारा वर्षांनी, पहिले अंडे विमानात चढले. पाणी चांगले होते, धोका हटवला होता, फक्त बीज उरले नव्हते. ते टाकीने पुरवले. आपल्याकडे नेमके उलटे करण्याची हौस आहे.

तिसरा मुद्दा पोटाचा. मॅक्वारी हार्बरच्या काठच्या स्ट्रॅहान गावात सामन उद्योगावर घरे चालतात. मार्च २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेने दोन्ही मोठ्या पक्षांच्या पाठिंब्याने असा बदल केला की या शेतीच्या जुन्या परवानगीचा पुनर्विचार करण्याचा मंत्र्याचा अधिकारच आटला. एका माशासाठी माणसांच्या नोकऱ्या घालवायच्या का, हा प्रश्न तिथे निवडणुकीत गाजला. तो खोटा प्रश्न नाही. पण नोकऱ्या आणि मासा यांत निवड करायची वेळ येते ती पाण्याचा खर्च कोणाच्याच हिशेबात न धरल्यामुळे. पिंजऱ्यांतली घाण खाडीने फुकट पचवावी असे धरले, तेव्हा सामन स्वस्त झाला. तो हिशेब मांडायला लागल्यावर सामन महाग वाटू लागला. ठाण्याच्या खाडीकडे पाहिले तर नोकऱ्या गेलेल्या माणसांची बाजूही दिसते, आणि ती उलटी आहे. चेंदणी कोळीवाड्यातल्या घरांनी खाडीतल्या निवट्या, बोयी, जिताडा, कोलंबी, चिंबोऱ्यांवर संसार केले. आज त्या कोळीवाड्यात मासेमारीवर पोट भरणारी घरे नावालाच उरली आहेत. पाणी बिघडल्याने ज्यांचा रोजगार गेला त्यांच्यासाठी कोणत्याच संसदेत मतदान झाले नाही.

आता आपल्याकडचा मासा. महाराष्ट्राच्या उथळ किनाऱ्यावर अंडी घालणारे स्केट नाहीत. ते भारताच्या नैऋत्येला खोल पाण्यात आहेत आणि त्यांच्याबद्दल आपल्याला फारच थोडे ठाऊक आहे. मुंबई-कोकणात जाळ्यात येतात ते शेपटीला काटा असलेले पाकट, वाघळी, सोंडेसारखे तोंड असलेले गिटारमासे आणि मुशी. शहराला पाकट आठवतो तो गणपतीतच. २०१३ मध्ये दीड दिवसाच्या विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर बऱ्याच भाविकांना काटे लागले, तेव्हापासून दरवर्षी मत्स्यव्यवसाय विभागाच्या सूचना येतात. एरवी तो खारवलेला, सुकवलेला बाजारात असतो, आणि बाळंतिणीला दूध यावे म्हणून घातले जाणारे मुशीचे कालवण कोकणात अजून शिजते. या कुळात अंडी घालणारे अगदीच कोणी नाही असे नाही. अरबी बांबू शार्क गुजरात-महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आहे. तो खडकाळ तळाशी अंडी ठेवतो आणि मत्स्यालयांत ती अंदाजे अडीच महिन्यांत उबल्याच्या नोंदी आहेत. पण पाकट पिल्ले देतो. गर्भ आधी आपल्या बलकावर वाढतो, बलक संपला की आईच्या गर्भाशयात पाझरणाऱ्या दुधासारख्या द्रवावर पोसला जातो. एका वेताला पिल्ले थोडीच असतात. आणि मुशी तर नाळेने पिल्लू पोसते.

याचा व्यवहारातला अर्थ फार कठोर आहे. स्केटचे अंडे तळावरून उचलून टाकीत ठेवता येते. आईला हात न लावता पिढी वाचवता येते. पाकटाच्या बाबतीत उबवणी केंद्र म्हणजे आईचे पोट, आणि ते टाकीत हलवायचे तर पोटुशी मादी धरावी लागते. पोटुशी मादी धरली की बऱ्याचदा ती पिल्ले टाकते. जाळे ओढले जाताना, डेकवर तडफडताना, वेळ भरलेली असो वा नसो, पिल्ले बाहेर पडतात. चपट्या माशांच्या कितीतरी जातींत हे नोंदले गेले आहे. अपुऱ्या दिवसांची पिल्ले जगत नाहीत. डेकवर पडलेले ते हाताच्या तळव्याएवढे, पंख अजून गुंडाळलेले पिल्लू अनेकदा ताजे जन्मलेले समजून पाण्यात टाकले जाते, पण पोटाला अजून बलकाची पिशवी लटकलेली असेल तर ते जगायला निघालेलेच नसते. म्हणजे एका ओढीत पाकट गेला की त्याच्यासोबत त्या हंगामाचे वेतही गेले. मागे काही उरत नाही, ज्याला टाकीत ठेवून उबवावे. टास्मानियात चूक झाली तर टाकीत काही अंडी आहेत. आपल्याकडे चूक झाली तर तीही नाहीत. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या मत्स्यालयात नर नसलेल्या टाकीतला पाकट गाभण असल्याचा गाजावाजा झाला होता. मादी एकटीच पिल्ले देऊ शकते हे शार्कांत सिद्ध झालेले आहे, पण या मादीला शेवटी प्रजननमार्गाचा आजार निघाला आणि ती मेली. चमत्कारांवर मासेमारीचे धोरण चालत नाही.

कोपरीपाशी ठाणे खाडी अरुंद आणि उथळ होते. मीठबंदरावरून एकेकाळी मीठ जायचे, इतके ते पाणी उपयोगाचे होते. दक्षिणेकडे, ट्रॉम्बे-वाशीकडे खाडी रुंदावते आणि भरती-ओहोटी तिला धुऊन काढते. या वरच्या टोकाला ती धुणावळ कमी पडते, आणि भांगेच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत तर पाणी पुरते हलतही नाही. म्हणजे मॅक्वारी हार्बरसारखाच, पाणी बदलायला वेळ लागणारा भाग. फरक एवढा, की तिथे सामनचे पिंजरे आहेत आणि इथे सगळे ठाणे, मुलुंड, ऐरोली. कोपरीत महापालिकेचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, पण नाल्यांतून काय वाहते ते पावसाळ्याबाहेर कोणत्याही दिवशी पुलावरून दिसते आणि वासानेही कळते. पलीकडे कल्याणजवळ वालधुनी उल्हासला मिळते. ‘वनशक्ती’च्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये तिथल्या महापालिका, नगरपालिका आणि औद्योगिक सांडपाणी केंद्रांवर ९५ कोटींचा भार टाकला होता, यावरून त्या पाण्याची कल्पना यावी. सांडपाण्यातले सेंद्रिय द्रव्य कुजताना प्राणवायू खाते. रसायनशास्त्र टास्मानियात आणि ठाण्यात वेगळे नसते. या तळाशी पूर्वीसारखे पाकट यावेत, वाढावेत, असे म्हणायचे असेल तर पहिला आकडा तिथल्या तळाजवळच्या प्राणवायूचा हवा. पहाटे, ओहोटीला, भांगेच्या दिवशी घेतलेला. दुपारी भरतीच्या पाण्यातून वरचा नमुना भरला तर आकडा नेहमीच बरा येतो.

इथे एक आक्षेप हमखास येतो: खाडी इतकी वाईट असेल तर फ्लेमिंगो का येतात? २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाले, २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला, लाखाच्या घरात पक्षी मोजले गेले. ही सगळी खरी आणि आनंदाची गोष्ट आहे. पण फ्लेमिंगो हवेत श्वास घेतो आणि चिखलावरचे सूक्ष्म शैवाल गाळून खातो. सांडपाण्यातले नायट्रोजन-फॉस्फरस वाढले की शैवालही वाढते. त्याला मानवणारे पाणी तळाशी कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या माशाला मानवेलच असे नाही. गुलाबी पक्षी पाहून खाडीला प्रमाणपत्र देणे सोयीचे आहे, कारण त्यासाठी कोणाला नाला अडवावा लागत नाही. रामसर दर्जा पक्ष्यांपुरता मर्यादित नाही, एवढे तरी लक्षात ठेवायला हवे.

खाडीच्या पलीकडच्या काठावर, ऐरोलीत, बंदिवासातल्या पैदाशीचे एक चांगले उदाहरण चालू आहे आणि त्याला मी या टीकेत ओढणार नाही. कांदळवन प्रतिष्ठानच्या सागरी जैवविविधता केंद्रात राष्ट्रीय मत्स्य अनुवंशिक संसाधन संस्थेच्या मदतीने क्लाउन फिश या शोभेच्या माशांची पैदास होते आणि किनाऱ्यावरच्या महिला बचतगटांना ती पिल्ले वाढवायला दिली जातात. इथे टाकी बरोबर जागी आहे. क्लाउन फिशची जोडी दर दोन-तीन आठवड्यांनी शेकड्यांनी अंडी देते, पिल्ले काही महिन्यांत विक्रीयोग्य होतात, आणि काचेच्या टाकीत ठेवायला प्रवाळातून मासे उचलण्याची गरज तेवढी घटते. जे लवकर वाढते आणि भरपूर अंडी देते त्याची पैदास करून समुद्रावरचा भार उतरवता येतो. पाकट, मुशी, स्केट यांचे गणित उलटे: उशिरा वयात येणे, मोजकी संतती, लांब काळ. त्यांच्यासाठी क्लाउन फिशच्या यशावरून निष्कर्ष काढू नयेत. आणि मुंबईत नवे भव्य मत्स्यालय व्हावे, अशी चर्चा अधूनमधून होते. १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय बंद पडले आहे, तेव्हा ती मागणी समजण्याजोगी आहे. मुलांनी पाकट पोहताना पाहावा, हे मला हवेच आहे. पण तिथे उद्या बांबू शार्कचे अंडे उबले तर त्याला सागरी संवर्धन म्हणू नये. भायखळ्याच्या राणीच्या बागेत १५ ऑगस्ट २०१८ रोजी पेंग्विनचे पिल्लू जन्मले तेव्हा किती गाजले होते! ते काही दिवसांतच दगावले, पुढची जगली. त्यातून पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरच्या पेंग्विनांचे काही भले झाले, असा दावा कोणी केला नाही. तो प्रामाणिकपणा मत्स्यालयाच्या जाहिरातीतही राहावा.

मग करायचे काय? आपल्या किनाऱ्यावर उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी कासवांची अंडी त्याच किनाऱ्यावरच्या कुंपणात हलवून राखली. पूर्वी अंडी गोळा करणारेच राखणदार झाले. अंडी त्याच वाळूत, त्याच उन्हात उबतात आणि पिल्ले त्याच लाटेवर जातात. टाकी नाही, तरी मदत आहे. समुद्रातल्या जातींसाठी महाराष्ट्राने डिसेंबर २०१८ मध्ये जी भरपाई योजना आणली ती याच वळणाची आहे: कायद्याने संरक्षित प्राणी जाळ्यात आला आणि मच्छीमाराने जाळे कापून तो सोडला, तर जाळ्याच्या नुकसानीसाठी २५ हजार रुपयांपर्यंत मिळतात. देवमुशी, कासवे, डॉल्फिन आणि मोठे गिटारमासे असे सोडले गेले आहेत. वन्यजीव कायद्याची यादी २००१ मध्ये वाढली, २०२२ च्या दुरुस्तीने आणखी वाढली. पण पाकटांच्या ज्या जाती यादीत नाहीत त्यांच्या पोटुश्या मादीसाठी अशी काहीच तरतूद नाही, आणि ज्या जाती दर वर्षी थोडीच पिल्ले देतात त्यांच्यात मादी वाचवण्याची किंमत नर किंवा पिल्लू वाचवण्यापेक्षा कितीतरी जास्त असते.

तेव्हा माझी सूचना अशी, की सातपाटी, भाऊचा धक्का आणि मालवण यांसारख्या दोन-तीन बंदरांवर प्रायोगिक पातळीवर ही भरपाई पोटुश्या पाकटांपर्यंत वाढवावी. जाळे कापायची गरज नसेल तिथे नुसत्या मादीच्या बाजारभावाएवढी. मच्छीमारांचा आक्षेप मला ठाऊक आहे: प्रत्येक मासा पोटुशी आहे की नाही हे समुद्रावर कोण तपासणार? उत्तर त्यांच्याच हातात आहे. भरत आलेल्या पाकटाची पाठ मधोमध फुगते, हे डेकवर उभ्या माणसाला दिसते. मोबाइलवर काढलेली छोटी चित्रफीत आज भरपाईच्या दाव्याला चालते, ती इथेही चालावी. डोलीच्या जाळ्यात काही जीव आधीच अर्धमेले येतात, सगळे वाचणार नाहीत, ही गोष्टही मान्य करून आकडे ठेवावेत. आणि खाडीच्या बाबतीत ठाणे महापालिका व प्रदूषण नियंत्रण मंडळाने कोपरी, ऐरोली आणि वाशी या तीन ठिकाणी तळाजवळच्या प्राणवायूचे मापन यंत्राने अखंड सुरू करावे आणि आकडे रोज जाहीर करावेत. स्केटचे अंडे टाकीत सांभाळणारे संशोधक हाच आकडा दिवसाला कितीदा पाहतात. तो एका अंड्यासाठी लागतो, तर सगळ्या खाडीसाठी तो का नको, याचे उत्तर पालिकेने द्यायला हवे.